वरचं पाणी नको, खालची डाळ द्या

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा २ किलो ६०० ग्रॅम होती. सहा महिने फक्त अंगावर पाजलं, तेव्हा वजन ६ किलो २०० ग्रॅम भरलं. नंतर मला परत कामावर जावं लागलं. सकाळी जाते ती दुपार कलल्यावर येते. तोवर सासूबाई सांभाळतात. त्या तिला डाळीवरचं पाणी, पातळ पेज आणि चहात भिजवलेलं बिस्कीट देतात. थोडं प्यायली की ती तोंड फिरवते. मागच्या महिन्यात पाच दिवस जुलाब झाले, तेव्हा पेजही बंद केली होती. परवा वजन केलं तर ६ किलो ४०० ग्रॅम. दवाखान्यातल्या बाई कार्ड बघून म्हणाल्या, रेघ आडवी झाली आहे. शेजारच्या बाळाला वजनवाढीच्या पावडरीचा डबा चालू आहे, ते चांगलं गुटगुटीत आहे. डब्याची किंमत म्हणजे माझ्या नवऱ्याची तीन दिवसांची मजुरी. उसने घेऊन आणू का? मुलगी बसते, पण अजून रांगत नाही. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं की गरिबाघरच्या मुलांचा मेंदू पहिल्या तीन वर्षांतच मागे पडतो, नंतर काही उपयोग नसतो. खरं आहे का? मी कामावर गेले म्हणून हे सगळं झालं, असं घरात बोलतात. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : ताई, डब्यासाठी उसने घेऊ नका. का ते पुढे सांगते. आधी मुलीचं कार्ड नीट वाचू या, कारण तुम्ही लिहिलेल्या तीन आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे.

२ किलो ६०० ची मुलगी सहा महिन्यांत ६ किलो २०० झाली. निरोगी बाळाचं वजन साधारण पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं; तुमच्या मुलीचं त्याच्याही पुढे गेलं, आणि तेही निव्वळ तुमच्या दुधावर. त्यामुळे ‘आईचं दूध पुरलं नाही’ किंवा ‘पोर मुळातच अशक्त’ असं घरात कुणी म्हटलं, तर त्यांच्यापुढे हे कार्ड ठेवा. गाडी अडली ती सहाव्या महिन्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधल्या रेषेवरची मुलगी सहाव्या महिन्यात ७.३ किलो आणि आठव्या महिन्यात ७.९ किलो असते, म्हणजे दोन महिन्यांत ६०० ग्रॅम वाढते. तुमची २०० ग्रॅम वाढली. आठव्या महिन्यात मुलींसाठी कमी वजनाची सीमा ६.३ किलोवर आहे. ती त्याच्या जेमतेम वर आहे. हबकून जावं असं यात काही नाही, पण ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

मुलगी मधल्या रेषेच्या खाली आहे, ही तक्रारच नव्हे. निम्मी निरोगी मुलं त्या रेषेखालीच असतात. शेजारचं बाळ किती गुटगुटीत आहे याच्याशीही आपल्याला काही कर्तव्य नाही. आपल्या बाळाची रेघ स्वतःच्याच आधीच्या रेघेला धरून वर चढते का, एवढं बघायचं. ती चढत होती, आता आडवी झाली. त्या बाईंनी ते हेरून तुम्हाला सांगितलं, हे फार बरं केलं. नुसता आकडा लिहून कार्ड परत देणारेही पुष्कळ असतात.

सहाव्या महिन्यानंतर तुमच्या घरी तीन गोष्टी पाठोपाठ बदलल्या. दिवसाचं दूध कमी झालं, त्याच्या जागी पातळ अन्न आलं, आणि त्यावर जुलाबाचं आजारपण झालं. यातली पहिली गोष्ट एकटी असती तर रेघ एवढी आडवी झाली नसती. तुमच्या मजुरीतूनही घरात धान्य येतं, आणि तेच बाळाच्या वाटीत पडतं, हे बोलणाऱ्यांनी विसरू नये. बाकीच्या दोन गोष्टी आजपासून दुरुस्त करता येतात.

आता पेजेकडे येऊ. बाळाच्या पोटात एका वेळी किती मावतं? वजनाच्या किलोमागे अंदाजे ३० मिली धरतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात दोनशे मिलीच्या आसपास. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला, आईचं दूध चांगलं चालू असेल तरीही, दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नवव्या महिन्यापासून ३००. पातळ पेजेत मुख्यतः पाणीच असतं. तेवढं पाणी पोटात गेलं की पोट तट्ट होतं आणि मुलगी तोंड फिरवते. ती खायला कुरकुरत नाहीये, तिच्या पोटात खरोखर जागा उरलेली नाही. आणि दुपार कलल्यावर तुम्ही परत येता तेव्हा तेच पाण्याने भरलेलं पोट घेऊन ती तुमच्याकडे येते, मग दूधही कमी ओढते.

डाळ शिजली की सगळा कस पाण्यात उतरतो, हा समज फार जुना आणि फार पक्का आहे. पाण्यात थोडा रंग उतरतो, थोडी चव उतरते. प्रथिनं आणि लोह तळाशी बसलेल्या डाळीतच राहतात, आणि ती डाळ जाते मोठ्यांच्या ताटात. घरातलं सगळ्यांत झपाट्याने वाढणारं माणूस वरच्या पाण्यावर, आणि ज्यांची वाढ कधीच थांबली ते तळाच्या डाळीवर! सासूबाई हे मायेपोटीच करतात, यात मला शंका नाही. बाळाला घट्ट पचणार नाही, घशात अडकेल, अशी त्यांना भीती वाटत असणार. ती भीती घालवायची तर वाद घालू नका, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासमोर भरवून दाखवा.

सगळ्यांसाठी जे शिजतं त्यातलंच तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढा. धान्य आणि डाळ एकत्र अगदी मऊ शिजवा, हाताने किंवा चमच्याच्या पाठीने चिरडा. गाळू नका, मिक्सरमधून पाणी घालून फिरवू नका. चमच्यात घेऊन चमचा तिरका करा : घास चमच्याला धरून राहिला पाहिजे, घळाघळा ओघळला तर अजून पातळ आहे. वरून एक चहाचा चमचा तेल घाला. त्या एका चमच्यात जवळजवळ ४० कॅलरी असतात, म्हणजे आकारमान न वाढवता अन्नाचा जोर वाढतो. हिरवी पालेभाजी शिजवून त्यातच चिरडा. अंडं, मासा किंवा मांस घरात येत असेल तर त्याचा पहिला वाटा हिचा, अगदी दोन चमचे का असेना. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. म्हणूनच हे घास नुसते पोटाला आधार म्हणून द्यायचे नसतात. चहा मात्र आजच बंद करा. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि बिस्किटात साखर-मैद्यापलीकडे फारसं काही नसतं. मध वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही. अख्खे दाणे, फुटाणे असलं कडक, गोल काही हाताला लागू देऊ नका.

किती द्यायचं? आत्ता दिवसातून तीनदा. एका वेळी दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्या. नववा लागला की तीन-चार वेळा, आणि मध्ये एकदा-दोनदा चिरडलेलं फळ किंवा तसलंच काही. तिची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटातून भरवलं की तिने नेमकं किती खाल्लं हे कुणालाच कळत नाही, आणि सगळ्यांना वाटतं की भरपूर खाल्लं.

भरवण्याची रीतही बघा. मांडीवर आडवं धरून, नाक दाबून, ‘संपव पटकन’ असं नको. तिला समोर बसवा. घास ओठाशी न्या आणि तिने तोंड उघडेपर्यंत थांबा. ती घास जिभेने बाहेर ढकलेल. याचा अर्थ ‘आवडलं नाही’ असा लगेच काढू नका, नवीन चव आणि नवीन जाडी जिभेवर फिरवायला ती शिकते आहे. ओठाखालचं चमच्याने गोळा करून पुन्हा द्या. ती हात घालेल, घालू द्या. तोंड घट्ट मिटून मान दोनदा वळवली की थांबा, थोड्या वेळाने परत विचारा. या सगळ्याला अर्धा तास लागतो. कामाच्या घरात अर्धा तास काढणं सोपं नाही, हे मला कळतं. पण तो खर्च पैशांचा नाही, म्हणून आधी तो करून बघा, असं मी म्हणते.

दूध चालूच ठेवा. निघण्याआधी पाजा, आल्याबरोबर आधी पाजा आणि मग बाकीची कामं, रात्री मागेल तितक्यांदा पाजा. जमलं तर सकाळी स्वच्छ हातांनी दूध काढून झाकून ठेवा. फार उकाडा नसेल तर ते चार तास बाहेर टिकतं. सासूबाईंनी ते वाटी-चमच्याने पाजावं. बाटली नको, तिचं बूच आणि कोपरे स्वच्छ ठेवणं पाण्याची टंचाई असलेल्या घरात जवळपास अशक्य असतं, आणि जुलाब पुष्कळदा तिथूनच येतात.

आता डबा. वजनवाढीच्या अशा बऱ्याच पावडरींमध्ये दुधाची भुकटी, साखर आणि वरून घातलेली जीवनसत्त्वं असतात. पुष्कळ डबे तर मोठ्या मुलांसाठी असतात, लेबलावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. पण माझी खरी भीती वेगळी आहे. महागाचा डबा पुरवून पुरवून वापरला जातो, दोन मापांच्या जागी एक घातलं जातं, आणि पुन्हा आपण पांढऱ्या पाण्यापाशीच येतो. आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या डब्यांनी गरीब देशांत हेच केलं. डब्याच्या जाहिराती, पातळ केलेलं दूध, अस्वच्छ पाणी आणि जुलाब, असं ते चक्र होतं. त्यामुळेच १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा पर्यायी दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. तीन दिवसांच्या मजुरीत किती डाळ, तेल आणि अंडी येतात याचा हिशोब घरात बसून मांडा, मग डब्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल.

अतिकुपोषित बाळांना आरोग्य केंद्रातून तपासून दिलं जाणारं घट्ट, पेस्टसारखं उपचारात्मक अन्न वेगळं. ते औषध आहे. त्याची गरज आहे का हे दंडाच्या घेरावरून कळतं : सहा महिन्यांवरच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण तीव्र समजतात. बाईंना पट्टीने दंड मोजायला सांगा, मिनिटभराचं काम आहे.

जुलाबात अन्न बंद केलं, ते पुन्हा होऊ देऊ नका. आतड्याला विश्रांती द्यावी, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. आता कुणी सांगत नाही. दूध चालू, घट्ट अन्न थोडं-थोडं चालू, आणि ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवून प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. सोबत झिंकची गोळी : सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळी मध्येच सोडायची नाही. आजारातून उठल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या. तुमच्या मुलीचं ते जादा जेवण राहून गेलं आहे, ते आता द्या. साबणाचे हात दोन वेळा तरी सक्तीचे : भरवण्याआधी, आणि बाळाची शी धुतल्यावर. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, हा गैरसमज घरोघरी आहे.

रांगण्याचं म्हणाल तर ती चिंता सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने ज्या निरोगी मुलांच्या नोंदी ठेवल्या, त्यांतली कुणी पाचव्या महिन्यात रांगली, कुणी तेराव्यात, आणि शंभरातली चारेक तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. स्वतःच्या बळावर चालण्याची मुदतही आठव्या महिन्यापासून जवळपास अठराव्यापर्यंत पसरलेली आहे. तुमची मुलगी बसते, हे आत्ता पुरेसं आहे. फक्त दिवसभर कडेवर किंवा झोळीत राहिली तर अंगाला हालचाल मिळणार नाही. स्वच्छ सतरंजीवर पालथी टाका, खेळणं हाताला लागेल न लागेल इतक्या अंतरावर ठेवा.

आणि मेंदूचं. तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त राग आलेला भाग हाच, अर्थात राग तुमच्यावर नाही, मोबाइलवर ते बोलणाऱ्यावर. पहिली तीन वर्षं महत्त्वाची असतात, हे खरं. गरिबीत वाढताना मुलांचं नुकसान होतं, हेही खरं. ‘नंतर काही उपयोग नसतो’ हे मात्र खोटं. आणि ‘गरिबाघरची मुलं’ म्हणून जन्मतः काही वेगळी नसतात. वाढीचे जे तक्ते तुमच्या कार्डावर आहेत ते २००६ साली आले. त्यांच्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. आईचं दूध, पुरेसं अन्न आणि बरी परिस्थिती मिळाली, तेव्हा या सगळ्या देशांतल्या मुलांची लांबी जवळपास सारखीच वाढली.

जमैकातलं एक काम सांगते. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ खुरटलेली मुलं निवडली, नऊ महिने ते दोन वर्षं वयाची. संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने काही घरांत दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली, काही घरांत आरोग्य सेविका आठवड्यातून तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवत, काहींना दोन्ही मिळालं आणि काहींना काहीच नाही. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षं चाललं. त्या वेळी भुकटीचाही फायदा दिसला आणि खेळाचाही. पण पुढे मुलं मोठी झाली तेव्हा भुकटीचा परिणाम पुसट होत गेला, खेळाचा टिकला. वीस वर्षांनंतर पाहिलं तर खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. यावरून अन्न नको, नुसतं खेळवा, असा अर्थ मात्र काढू नका. तुमच्या मुलीला आत्ता दोन्ही हवं आहे.

तुमच्या घरी त्या सेविकेचं काम करायला माणूस हजर आहे : सासूबाई. दिवसातले सर्वांत जास्त जागे तास मुलगी त्यांच्याजवळ असते. त्यांना एवढंच सांगा, की काम करताना तिच्याशी बोलत राहा. ‘हे बघ पातेलं, हे बघ झाकण.’ ती ‘बा’ म्हणाली की आपणही ‘बा’ म्हणायचं आणि तिच्या उत्तराची वाट बघायची. ही देवाणघेवाणच महत्त्वाची, शब्द कोणते हे नाही. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडे खडे घाला, झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा, खुळखुळा तयार. फडक्याखाली वाटी लपवा आणि तिला शोधू द्या. गाणी म्हणा, कशीही. वर्षाच्या आतल्या बाळाला मोबाइलचा पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा भरवताना व्हिडिओ लावायची सवय जडू देऊ नका. सासूबाईंवर दोष ढकलून ही कामं होणार नाहीत, त्यांना मान देऊन होतील.

तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल पत्रात एक अक्षर नाही. दूध पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा जास्त जेवण लागतं, आणि तुम्ही बहुधा सगळ्यांच्या शेवटी, उरेल ते खात असाल. घरात डाळ कमी असेल तर ती आधी तुम्ही दोघींनी खावी, हे नवऱ्याला स्पष्ट सांगा. तुमच्या भागात लहान मुलांसाठी आणि आयांसाठी सरकारी धान्य किंवा आहार मिळत असेल तर रांगेत लाजू नका. कामाच्या ठिकाणी बाळाला पाजायला वेळ मागा, चार बायकांनी मिळून मागितला तर मिळण्याची शक्यता जास्त. नीट भरवलं की सगळं सुटतं, असं मी म्हणणार नाही. मजुरीच अपुरी असेल तर माझ्या सल्ल्याने ताट भरत नाही. मन सतत खिन्न राहत असेल, रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर तेही त्या बाईंना सांगा. तोही तपासण्याचाच आजार आहे.

काही गोष्टींत घरी थांबायचं नाही. बाळ दूधच ओढत नाही, सगळं ओकून टाकतं, झटके येतात, हलवूनही नीट जागं होत नाही, डोळे खोल गेलेत, श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते, दोन्ही पायांवर सूज आहे, यांतलं एकही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

बाकी, परवा ज्या काट्यावर वजन केलं त्याच काट्यावर महिन्याने पुन्हा करा, कपडे काढून. या वयात महिन्याला २०० ते ३०० ग्रॅम वाढणं नेहमीचं. मागे पडलेली मुलगी नीट खाऊ लागली की त्याहून जास्तही वाढते. वाढली तर हेच चालू ठेवा. घट्ट अन्न नेमाने देऊनही काटा हलला नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त आणि लघवी तपासून घ्या, आणि घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ते त्यांना न विसरता सांगा.